दोनने नाही, तीनने नाही

"त्यात डुकराचं मांस आहे. भोपळ्याचं घ्या, ते चालेल."

मागे वळून बघितलं तर पांढरी टोपी, पांढरा मास्क, पांढरा एप्रन, आणि मधे फक्त दोन डोळे. जपानमधल्या त्सुकुबात येऊन मला नऊ दिवस झाले होते. सुपरमार्केटात तयार पदार्थांच्या काउंटरपुढे उभी राहून मी आईशी फोनवर मोठ्याने बोलत होते, की इथे काय खावं तेच कळत नाही. ते ऐकून ती आतल्या स्वयंपाकघरातून बाहेर आली होती. आईचा फोन तसाच चालू ठेवून मी रडायला लागले. २०१५ सालच्या जूनमधली ही गोष्ट. शैलजाताई दातीर मला भेटली ती अशी.

ती संगमनेरची. तिथल्या एका शाळेत नववी-दहावीला गणित शिकवायची. नवरा रणजित पदार्थविज्ञानातला संशोधक. त्सुकुबातल्या एका संस्थेत त्याला जागा मिळाली तेव्हा म्हणजे २००७ साली मुलगी कस्तुरी तीन वर्षांची होती. दोन वर्षांसाठी म्हणून आले आणि राहिले. शाळेने तिची रजा दोनदा वाढवली. तिसऱ्या वेळी तिने स्वतःच राजीनामा पाठवून दिला. इथे तिच्या पदवीला कोणी विचारलं नाही, आणि भाषा तर शून्यच. कस्तुरी शाळेत जायला लागल्यावर ती या सुपरमार्केटात अर्धवेळ लागली. सकाळी नऊ ते एक तळायचं, भरायचं आणि डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या.

पहिलं वर्षभर मी तिला "अहो ताई" म्हणत होते. मग ते आपोआप "अगं" झालं. आमचं घर तिच्या घरापासून सायकलवर चार मिनिटांवर. माझा नवरा जयेश सकाळी साडेसहाला गाडी पकडून टोकियोला ऑफिसला जायचा तो रात्रीच परत. त्यामुळे माझा दिवस तिच्या आधाराने चालायचा. कचऱ्याचे किती प्रकार, कुठला कुठल्या वारी टाकायचा, डॉक्टरला दुखणं कसं सांगायचं, हे सगळं मी तिच्याकडून शिकले.

एक वाजता काम संपलं की ती घरी जायची नाही. सुपरमार्केटच्या एका कोपऱ्यात चार टेबलं होती, विकत घेतलेलं तिथेच बसून खाता यायचं. तिथे ती एक भाताचा गोळा घेऊन बसायची आणि वही काढायची. कस्तुरीची शाळा सुटेपर्यंतचे दोन तास तिचे असायचे.

एकदा मी विचारलं, "पगाराचा हिशोब करतेस का गं?"

ती हसली. "पगार एवढा कुठाय की त्याला वही लागावी!" मग तिने वही माझ्यापुढे सरकवली. सगळीकडे गुणाकार. समास आखलेला, अक्षर फळ्यावर लिहितात तसं ठळक.

तिने मला जे सांगितलं ते असं. बारा घे. बाराला एक, दोन, तीन, चार आणि सहाने भाग जातो. यांची बेरीज सोळा. म्हणजे बारापेक्षा जास्त. अशा संख्येला ती वर्गात "भरून सांडणारी" म्हणायची. सम संख्यांत अशा खंडीभर सापडतात. विषम संख्यांत पहिली सापडते ती थेट नऊशे पंचेचाळीस. मुलांना एका सुट्टीत तिने हेच शोधायला दिलं होतं. पुढे ती स्वतः शोधत गेली, तर त्यानंतर सापडलेल्या साऱ्याच विषम संख्यांना तीनने भाग जात होता. तेव्हा तिच्या मनात आलं की तीनने भाग जायलाच हवा का? दोनने नाही, तीनने नाही, आणि तरीही भरून सांडणारी, अशी एखादी संख्या असेल का? असली तर सगळ्यात लहान कुठली? हा प्रश्न डोक्यात आला त्याच महिन्यात त्सुकुबाची पत्रं आली.

"मग गूगलवर बघ ना," मी म्हटलं.

"बघायचं नाही असं ठरवलंय. दुसऱ्याने जेवून आपलं पोट भरतं का?"

ती किती वर्षं करत होती ते मी विचारलं नाही. टेबलाखालच्या पिशवीत आणखी वह्या होत्या. सुरुवातीला ती एकेक संख्या घेऊन तपासत असे. मग तिच्या लक्षात आलं की अशाने आयुष्य पुरणार नाही. पाच, सात, अकरा, तेरा अशा मूळ संख्या एकमेकींना गुणत जायचं, आणि प्रत्येक पायरीला बेरीज कुठवर येते ते बघायचं. मी तिला तशी आनंदात फार कमी वेळा पाहिली. पण २०१७च्या वसंतात एका दुपारी तिने मला सायकलवरून हाक मारून थांबवलं आणि म्हणाली, "तेवीसपर्यंत आले. थोडंसंच कमी पडतंय. दर वेळी कमी पडणं कमी होत चाललंय, अनघा!" मला धड कळलं नाही, पण तिचा चेहरा बघून मीही हसले.

त्यानंतर दोन आठवड्यांनी एका रविवारी तिने आम्हाला नाश्त्याला बोलावलं. थालीपीठ केलं होतं. भाजणी तिच्या बहिणीने पाठवलेली. रणजितदादा नेहमीसारखे बोलघेवडे. त्यांना कुठल्याही प्रश्नाचं उत्तर द्यायची फार हौस. कस्तुरी तेव्हा तेरा वर्षांची. आई मराठीत विचारायची, ती जपानीत उत्तर द्यायची. जयेशला शेल्फवर वही दिसली.

"हे काय ताई?"

शैलजाताई तव्यापाशी होती. दादांनीच सांगितलं, कौतुकानेच सांगितलं, की आमच्या मॅडम गेली दहा वर्षं एक संख्या शोधतायत. जयेश प्रोग्रामर. तो म्हणाला, "हे तर मशीन काढेल." दादा म्हणाले, "काढेल का? एवढ्या मोठ्या असतील तर?" आणि दोघं त्याचा लॅपटॉप उघडून जेवणाच्या टेबलावरच बसले. मला तेव्हाच बोलता आलं असतं. मला ठाऊक होतं की तिला बघायचं नाहीये. पण दोघं इतके रंगले होते, आणि तीही काही म्हणत नव्हती. मी लोणचं वाढत राहिले.

पाऊण तास लागला. आमचं दुसरं थालीपीठ चाललं होतं तेव्हा जयेश ओरडला, "आलं!"

दादांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि उजवीकडून एकं, दहं, शतं करत मोठ्याने वाचलं. "पाचशे एकोणचाळीस कोटी, चौदा लाख, अकरा हजार पंचवीस. शैला, ऐकलंस का? मिळाली तुझी संख्या!"

कस्तुरीने वाकून बघितलं आणि जपानीत वाचलं. जपानी माणूस मोठी संख्या चार-चार आकड्यांनी तोडतो, त्यामुळे तिच्या तोंडून ती त्रेपन्न 'ओकु' आणि काही 'मान' अशी वेगळीच निघाली. बाप-लेक त्यावर हसले.

शैलजाताईने गॅस बारीक केला. "सगळ्यात लहान हीच?"

"हो ताई. याच्या आधीची प्रत्येक तपासलीय. एकही नाही," जयेश म्हणाला.

"बरं झालं," ती म्हणाली. "अजून एक वाढू का तुम्हाला?"

एवढंच. आम्ही अकरा वाजता घरी आलो. जयेश वाटेत खुशीत शीळ घालत होता.

त्यानंतर तिने वही काढली नाही. मी पुढच्या आठवड्यात त्या कोपऱ्यात गेले तर ती भाताचा गोळा खात नुसती बसली होती. "वही कुठाय?" मी विचारलं. "उत्तर मिळालं ना," ती म्हणाली. आवाजात काही नव्हतं. महिन्याभराने तिने कामाचे तास वाढवून घेतले, आणि त्या टेबलावर बसणं संपलं. मी जयेशला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "अगं, पण आम्ही तर मदत केली." दादांना त्यातलं काही कळलं की नाही, ते मला पुढे जवळजवळ सहा वर्षं कळलं नाही. संसार चालू होता. कोरोना आला, आम्ही सगळे घरात कोंडलो. कस्तुरी मोठी झाली आणि सेंदाईला विद्यापीठात गेली. त्या घरात दोघंच उरली.

२०२२च्या पावसाळ्यानंतर दादांची पाठ दुखायला लागली. खुर्ची बदलून झाली, गादी बदलून झाली. नोव्हेंबरात तपासण्या झाल्या तेव्हा स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला, पसरलेला. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचं नावच काढलं नाही. डॉक्टर बोलत होते आणि दादा शैलजाताईला मराठीत सांगत होते, स्वतःचंच दुखणं, दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं. सगळं सांगून झाल्यावर तिला म्हणाले, "तुला काही विचारायचंय का यांना? मी विचारतो."

जानेवारीत त्यांना दवाखान्यात ठेवलं. कोरोनाचे नियम अजून होते. भेटायला एका दिवशी एकच माणूस, घरचंच, दुपारी दोन ते अडीच. शैलजाताईला गाडी चालवता येत नाही, म्हणून मी रोज दीडला तिला घेऊन निघायचे आणि गाडीतळावर थांबायचे. सोमवार ते शुक्रवार ती जायची. शनिवारी कस्तुरी सेंदाईहून यायची, तो अर्धा तास तिचा.

दुसऱ्या आठवड्यात एक दिवस परतताना ती गाडीत म्हणाली, "वही मागितली त्यांनी."

"कुठली वही?"

"तीच. म्हणाले, शैला, तू तेव्हा कुठपर्यंत आली होतीस? मी म्हटलं, आता कशाला ते? म्हणाले, इथे पडून नको ते विचार येतात. मला काहीतरी दे डोक्याला."

तिने माळ्यावरून वह्या काढल्या आणि तेव्हापासून रोजचा तो अर्धा तास त्या संख्येचा झाला. नुसतं उत्तर त्यांना ठाऊक होतंच. ते तसंच का, आणि त्याच्याआधी एकही का नाही, हे मशीनशिवाय, कागदावर पटवायचं होतं. ती घरून एकेक पायरी तयार करून न्यायची, ते तपासायचे. परत येताना ती मला सगळं सांगायची. मला गणित कधी आवडलं नाही, पण त्या दोन महिन्यांत ते मला पाठ झालं. अजून आहे.

"हे बघ," ती म्हणायची, "संख्येला स्वतःलाही धरलं तर विभाजकांची बेरीज दुपटीच्या वर जायला हवी. दोन नाही, तीन नाही, मग पाचापासून सुरुवात. पाच एकटा असला तर कितीही वेळा घे, बेरीज सव्वापटीच्या पुढे जात नाही. सात जोडला की दीडपटीच्या जरा खाली. अकरा, तेरा, सतरा, एकोणीस जोडत गेलीस तरी दोनला पोचत नाही. म्हणजे सहा मूळ संख्यांत हे काम कधीच होणार नाही."

"आणि खूप घेतल्या तर?"

"नऊ घेतल्या तर संख्याच आपल्या उत्तराच्या सहापट होते. म्हणून सात किंवा आठ. बस."

आठांचा दिवस मला नीट आठवतो. ती गाडीत येऊन बसली तीच मुळी हसत. पाचापासून एकोणतीसपर्यंतच्या आठ मूळ संख्या एकेकदा गुणल्या की एकशे सात कोटी ब्याऐंशी लाख ब्याऐंशी हजार दोनशे पाच होतात. बेरीज मात्र दुपटीला थोडी कमी पडते. मग त्यातली एखादी पुन्हा घ्यायला हवी, आणि सगळ्यात लहान म्हणजे पाच. "पाचाने गुणा म्हटलं त्यांना. जेवणाचा तक्ता होता तिथे, त्याच्या पाठीवर गुणलं. पाच पंचे पंचवीस, हातचे दोन, असं शाळेतल्यासारखं म्हणत म्हणत. शेवटचा आकडा लिहिला आणि बघतच राहिले. म्हणाले, अगं, हीच की ती!" ती थांबली. "त्यांनी वाचून दाखवली होती ना तेव्हा. पण आली कुठून ते आज दिसलं त्यांना."

त्या दिवशी आम्ही वाटेत कॉफी प्यायलो. दुसऱ्या दिवशी परतताना ती रडत होती.

मी गाडी बाजूला घेतली. दादांनी म्हणे तिला बघताक्षणी म्हटलं होतं, "त्या रविवारी मी ते करायला नको होतं."

"मी विचारलं, कुठल्या रविवारी?" ती म्हणाली. "मला ठाऊक होतं कुठल्या. इतकी वर्षं ठाऊक होतं. तरी मी मुद्दाम विचारलं, अनघा. मग त्यांना ते सगळं सांगावं लागलं. जयेश आला होता, थालीपीठ केलं होतंस, तू गॅस बारीक केलास. त्यांना गॅससुद्धा आठवत होता. बोलताना धाप लागत होती. मी थांबवलं नाही. सगळं बोलून घेऊ दिलं. एवढ्या वेळात मी नुसतं, जाऊ दे हो, म्हणू शकले असते."

मी गाडी पुन्हा सुरू केली. तो लॅपटॉप आमच्या घरातला होता.

सातांचं प्रकरण मात्र किचकट होतं. पाचापासून तेवीसपर्यंतच्या सात मूळ संख्या घेतल्या तर दुपटीच्या वर जाता येतं, पण त्यासाठी त्यांतल्या काही पुन्हा पुन्हा घ्याव्या लागतात. तशा घेऊन आपल्या उत्तराच्या आत राहता येतं का? तिने एकेक शक्यता घेऊन खोडली. त्यात दोन आठवडे गेले. तोवर मार्च उजाडला होता. दादांचं जेवण बंद झालं होतं आणि वेदनेची औषधं वाढवली होती. पण दोन वाजता ते जागे असायचे. नर्स सांगायच्या की दातीर-सान साडेबारापासून घड्याळ बघतात.

एका मंगळवारी तिने सातांची शेवटची शक्यता खोडून दाखवली. ते डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "तू पहिल्याच सात घेतल्यास. तेवीसच्या जागी एकोणतीस घेतला तर?"

ती गाडीत बसली ती चिडूनच. "बरोबर आहे त्यांचं. राहिलंच ते माझ्याकडून. आणि मला राग आला बघ. मी म्हटलं, उद्या सांगते. अजून सात मिनिटं होती, तरी उठले."

बुधवारी सकाळी काम करता करता तिला ते सुटलं. अगदी सोपं निघालं. मूळ संख्या जितकी मोठी, तितकी ती बेरजेत कमी भर घालते, आणि गुणाकार मात्र वाढवून ठेवते. म्हणून पहिल्या सातांनी जे जमलं नाही ते दुसऱ्या कुठल्याही सातांनी जमणार नाही. दोन ओळींचं काम. एप्रनच्या खिशातल्या चिठ्ठीवर लिहून आणलं होतं. त्या दिवशी दुपारी मात्र ते गुंगीत होते. आदल्या संध्याकाळी औषध आणखी वाढवलं होतं. तिने कानाशी वाकून सांगितलं, दोनदा सांगितलं. त्यांनी मान हलवली.

"कळलं असेल ना गं?" तिने गाडीत मला विचारलं.

"मान हलवली ना? मग कळलं," मी म्हटलं.

गुरुवार-शुक्रवार ते बोललेच नाहीत. शनिवारी कस्तुरी भेटून गेली. सोमवारी सकाळी दवाखान्यातून फोन आला, आणि या वेळी दोन वाजेपर्यंत थांबायला कोणी सांगितलं नाही.

इथल्या रीतीप्रमाणे दहनानंतर घरच्यांनी लांब काड्यांनी अस्थी उचलून कलशात ठेवायच्या असतात. शैलजाताई आणि कस्तुरीने मिळून ते केलं. तिथल्या माणसाने हळू आवाजात सांगितलं, हे पायाचं, हे मानेचं, आणि कस्तुरीने आईला त्याचं मराठी करून सांगितलं. मराठीत इतकं सलग बोलताना मी तिला त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. एप्रिलात दोघी संगमनेरला जाऊन प्रवरेत अस्थी सोडून आल्या.

शैलजाताई आठवड्याभरात कामावर गेली. घर मोठं पडत होतं म्हणून स्टेशनजवळ दोन खोल्यांचं घेतलं. ऑगस्टमध्ये कस्तुरी सुट्टीला आली. तिच्यात आणि आईत काहीतरी धुमसत होतं हे मला दिसत होतं, पण फुटलं ते नेमकं मी तिथे असताना. सामान लावायला गेले होते. कस्तुरीने एका खोक्यातून वह्या काढल्या आणि टेबलावर टाकल्या.

"हे टाकायचं का?" ती जपानीत म्हणाली. आताशा मला तेवढं कळत होतं.

"नाही. ठेव."

"रोज अर्धा तास होता." आता ती अर्धं मराठी, अर्धं जपानी बोलत होती. "फक्त अर्धा तास. आणि तू बाबांना गणितं घालत होतीस."

"त्यांनीच मागितलं होतं."

"माझे शनिवारसुद्धा त्यातच गेले! कॉलेज कसंय, जेवतेस का, काही विचारलं नाही. शेवटच्या शनिवारी मी हात धरून बसले होते. डोळे उघडले आणि मला काय म्हणाले माहितीये? तेवीसच्या जागी एकोणतीस घेऊन बघ. तेवढंच. तीन-चार वेळा. मला वाटलं औषधामुळे बरळतायत. मी हो हो म्हणत राहिले."

शैलजाताई उभी होती ती खाली बसली. खोक्यांच्या मधे, जमिनीवरच.

कस्तुरीला कळलं नाही ती काय बोलून गेली ते. मला कळलं. बुधवारी कानात दोनदा सांगितलेलं त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. शनिवारीही ते तोच प्रश्न घेऊन पडले होते. मी गाडीत छातीठोकपणे सांगितलं होतं, मान हलवली म्हणजे कळलं.

मग शैलजाताई म्हणाली, "बरळत नव्हते ते."

"काय?"

"बाबा बरळत नव्हते, बाळा. माझी चूक काढली होती त्यांनी. अगदी बरोबर काढली होती. डोकं शेवटपर्यंत शाबूत होतं त्यांचं."

कस्तुरी तिच्याकडे बघत राहिली. मग तिच्यासमोर येऊन बसली. "होंतो नि?" म्हणजे, खरंच?

"ये, दाखवते."

मी निघायला हवं होतं, पण दाराशी खोकी होती आणि दोघी वाटेतच बसलेल्या. तिने वही उघडली. अडचण अशी झाली की विभाजक, मूळ संख्या, गुणाकार यातला एकही शब्द कस्तुरीला मराठीत माहीत नव्हता, आणि शैलजाताईला जपानीत. सोळा वर्षं या देशात राहून तिला तळणीचे, भाज्यांचे, चिठ्ठ्यांचे शब्द येत होते, तिच्या स्वतःच्या विषयाचे नाहीत. मग कस्तुरी एकेक शब्द सांगत गेली, आई तो समासात देवनागरीत लिहीत गेली, आणि त्या शब्दांनी अडखळत समजावत गेली. दोन तास लागले. सातांच्या जागी आल्यावर कस्तुरीने स्वतःच विचारलं, "पण मग तेवीसच्या जागी..." आणि तिथेच थांबली. वडिलांचं वाक्य आपल्याच तोंडी आलेलं तिला ऐकू आलं असावं. तिने वहीवर डोकं टेकलं. शैलजाताई तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली आणि तसाच हात फिरवत तिने उरलेल्या दोन ओळी सांगून टाकल्या.

त्या दिवसापासून दोघी पुन्हा बोलायला लागल्या. आता कस्तुरी रविवारी सेंदाईहून फोन करते. पण शनिवारचं ते वाक्य शैलजाताईच्या मनातून गेलं नाही. मला एकदाच म्हणाली, "ती सात मिनिटं थांबायला हवं होतं मी." मी म्हटलं, "तेव्हा तुलाही सुचलं नव्हतं ताई." "नसतं सुचलं, पण दोघांनी मिळून अडून बसलो असतो."

जयेशचं इथलं काम २०२५च्या मार्चमध्ये संपलं आणि आम्ही पुण्याला परतायचं ठरवलं. निघायच्या आदल्या दिवशी मी तिला भेटायला सुपरमार्केटात गेले. तिचा हुद्दा बदलला होता. आता ती आतल्या स्वयंपाकघराची मुख्य आहे, तिच्या हाताखाली सहा बायका. एप्रन काढून बाहेर आली. जयेशने तिच्यासाठी निरोप दिला होता, तो नीट सांगता आला नाही. तिने तो अर्ध्यातच समजून घेतला. "त्याला म्हणावं, मनात ठेवू नकोस. तेव्हा लहान होतात तुम्ही."

मग विचारू की नको करत मी विचारलं, "आता काही नवीन घेतलंयस का? नवा प्रश्न?"

"नाही गं." ती हातातल्या टोपीची घडी घालत होती. "आकडा दिसला की आधी त्यांना सांगावंसं वाटतं. मग बघतच नाही मी आकड्यांकडे."

आत कोणीतरी "दातीर-सान!" म्हणून हाक मारली. तेल तापलं होतं. पोचल्यावर फोन कर म्हणाली आणि आत गेली.